निळ्या दिव्याचे बारा पॉइंट

मित्रांनो, दार जरा हळू लोटा. एकदम आपटलंत की माझ्या अंगातला स्क्रू न् स्क्रू हादरतो. हसताय ना? हसा. एवढं उंच लोखंडी धूड, चार माणसांनी ढकललं तरी हलणार नाही, आणि घाबरट! पण आहे तो आहे घाबरट, आता या वयात लपवून काय उपयोग? सिनेमाच्या प्रिंट काढणारा मी एक म्हातारा प्रिंटर. टेबलावर बसून कागद ओकतो तो प्रिंटर वेगळा, आमचं त्याचं काही नातं नाही. जुन्या फिल्म जपून ठेवणाऱ्या या इमारतीत, जिन्याखाली मला उभा केलाय. बल्ब काढून घेतलाय, पट्टे सैल झालेत, पण भीती मात्र जशीच्या तशी शिल्लक आहे.

तुमच्या जन्माआधी सिनेमा फिल्मवर असायचा. फिल्म म्हणजे कडांना भोकं असलेली लांबच लांब पट्टी. कॅमेऱ्यातून निघालेल्या पट्टीवर सगळं उलटं दिसतं: काळे केस पांढरे, पांढरा सदरा काळा. तिला निगेटिव्ह म्हणतात. ती एकच असते. एकच, मित्रांनो! शंभर माणसं वर्षभर राबून जे काही करतात ते सगळं त्या एका पट्टीत, आणि ती पट्टी माझ्या दातेरी चाकांवरून जायची. माझ्या एखाद्या दाताला कुसळाएवढी धार राहिली असती तरी सगळं संपलं असतं. मग मी घाबरू नको तर काय करू?

माझं काम सांगायला सोपं. निगेटिव्ह आणि कोरी फिल्म एकीवर एक दाबून धरायची, एका चिमुकल्या खिडकीसमोरून न्यायची आणि खिडकीतून उजेड सोडायचा. कोऱ्या फिल्मवर सुलटं चित्र उमटतं, ती झाली थिएटरात दाखवायची प्रिंट. खरी गंमत उजेडात होती. माझ्या पोटात एक मोठा बल्ब. त्याचा पांढरा उजेड आरशांनी तीन वाटांना लावलेला: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक वाटेवर एक झडप. झडप किती उघडायची त्याचे नंबर होते, एक ते पन्नास. त्यांना आमच्या फिल्म धुण्या-छापण्याच्या लॅबमध्ये पॉइंट म्हणत. सिनेमातल्या प्रत्येक दृश्याला तीन दिव्यांचे तीन नंबर, कागदी पट्टीवर भोकं पाडून मला दिलेले. दृश्य बदललं की झडपा खटकन नव्या नंबरावर.

आणि आमच्या घरचा कारभार सगळा उलटा! उजेड जास्त सोडला की चित्र काळवंडतं. निळा उजेड वाढवला की चित्र पिवळं पडतं, निळा कमी केला की चित्र निळसर होतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

मला बनवलं त्या कारखान्यात आरसे बसवणारी एक बाई होती. श्वासाची वाफ आरशावर बसू नये म्हणून ती श्वास रोखून काम करायची. प्रत्येक आरशाला श्वास रोखायचा, मग तोंड फिरवून भसकन सोडायचा. मी जगात डोळे उघडले ते असा जीव मुठीत धरलेला चेहरा बघत. तेव्हाच बहुतेक माझ्या आरशांत काहीतरी बसलं ते बसलंच.

खोक्यातून बाहेर निघालो तो थेट लॅबच्या मधल्या मजल्यावर, अंधारखोलीत. अंगठ्याएवढा एक तांबूस दिवा, बाकी काळोख. खालच्या मजल्यावर फिल्म धुण्याच्या टाक्या होत्या, त्यांचा आंबट वास जिन्यानं वर यायचा. वरच्या मजल्यावर रंग ठरवणाऱ्यांची खोली आणि एक छोटं थिएटर. मला चालवायला जो माणूस दिला, त्याला सगळे बाळ्या म्हणत. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा दाढीवाला बाप्या होता, दोन मुलांचा बाप, तरी बाळ्याच. कारण वरच्या मजल्यावर रंग ठरवायला त्याची सख्खी थोरली बहीण होती आणि ती त्याला बाळ्या म्हणायची. तिला अख्खी लॅब ताई म्हणायची.

पहिल्याच महिन्यात घात झाला. निगेटिव्हचा एक सांधा सुटला आणि पट्टी माझ्या दातांत फाटली. बाळ्यानं आवाजावरून ओळखून मला ताबडतोब थांबवलं, तरी चार चौकटी, म्हणजे चार चित्रं, गेली. मी बधिर झालो. आता मला भंगारात काढणार, दुसरं काय? ताई खाली आली. बारीक अंगाची, ठसठशीत आवाजाची. फाटलेला तुकडा तिनं बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "मशीनचा काय दोष? सांधा सैल होता. ज्यानं जोडला त्याला बोलवा, मी बघते त्याच्याकडे." मित्रांनो, त्या दिवसापासून मी ताईचा झालो.

ताईचे डोळे म्हणजे काय सांगू! सबंध सिनेमा तिच्यासमोरून जायचा आणि ती अंधारात वहीवर खरडत असायची: इथं लाल एक कमी, इथं हिरवा दोन वाढव. एक पॉइंट म्हणजे किती? तुम्हाला दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवली तरी फरक कळायचा नाही. ताईला चालत्या सिनेमात कळायचा. लांबलांबचे दिग्दर्शक तिच्या नावानं यायचे.

हे डोळे कुठून आले ते मला बाळ्यानं सांगितलं. अंधारखोलीत दिवसभर एकटा, म्हणून तो माझ्याशी बोलायचा. त्यांच्या वडिलांना मोतीबिंदू झाला होता. जुना काळ, ऑपरेशन बिघडलं, दोन्ही डोळे गेले. तेव्हा ताई नऊ वर्षांची. वडिलांचा हात धरून ती त्यांना फिरवायची आणि दिसेल ते सांगायची. बाबा, समोरच्या घराला निळा रंग दिलाय. वडील विचारायचे, "निळा म्हणजे कसला निळा गं? शाईचा की आभाळाचा?" मग ती थांबून, नीट बघून सांगायची. "त्यातून ती घडली बघ," बाळ्या म्हणायचा. "पण डोळ्याच्या डॉक्टरचं नाव काढलं की अजून पांढरीफटक पडते. म्हणते, डोळ्याला सुरी लावू देणार नाही, मग काहीही होवो."

वर्षं गेली. बाळ्याची दाढी पिकली, ताईनं अठ्ठावन्न ओलांडली. आणि एके दिवशी मला काहीतरी खटकलं.

झालं असं, की एका जुन्या सिनेमाच्या नव्या प्रिंट काढायच्या होत्या. ताईनं तो आधी केलेला होता. निगेटिव्ह तीच, नट्या त्याच, कोरी फिल्म त्याच जातीची. पण या वेळी तिनं ठरवलेले नंबर माझ्यात आले, तेव्हा निळा प्रत्येक दृश्यात दोन पॉइंटांनी कमी. मला वाटलं, बदलली असेल आवड. पुढच्या सिनेमात तसंच. त्याच्या पुढच्यात तीन. माणसाची कातडी काय रंगाची असते ते मला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. आता प्रिंटवर ती थंडीत गारठल्यासारखी दिसायला लागली.

ताईला सगळं पिवळं दिसत होतं! म्हणून ती निळा उजेड कमी करत होती. तिच्या हिशेबानं ती चित्र सरळ करत होती. मला कळलं आणि माझी पाचावर धारण बसली. सांगू कोणाला? मला तोंड कुठं होतं? झडपा उघडायच्या आणि मिटायच्या, एवढंच मला येतं.

बाळ्यालाही कळलं होतं. ताईच्या नंबरांचं कार्ड वरून यायचं, ते तो तांबूस दिव्याखाली धरायचा, बराच वेळ धरायचा आणि मग मला म्हणायचा, "दोस्ता, हे काही खरं नाही." पण वर जाऊन सांगत नव्हता. त्याला वाटायचं, सांगितलं तर ताई डोळ्यांच्या धास्तीनं खचेल ती खचेल, वर तिची खुर्चीही जाईल. रंग न दिसणाऱ्या माणसाला रंग ठरवायला कोण ठेवेल? "ती खुर्ची म्हणजे तिचा जीव आहे रे," तो म्हणायचा. असं उद्या सांगू, परवा सांगू करत वर्ष गेलं. आम्ही दोघंही गप्प, आणि आतल्या आत भ्यायलेले.

मग तो सिनेमा आला. कपडे धुऊन पोट भरणाऱ्या एका बाईची गोष्ट. गच्चीवर दोऱ्याच दोऱ्या आणि त्यांवर पांढऱ्या चादरी. दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा. तो परगावी जायच्या आधी ताईला म्हणाला होता, "बाकी काही बघू नका, माझी चादर पांढरी पाहिजे." तीन आठवड्यांनी तो शेवटची प्रिंट बघायला येणार होता. तोपर्यंत चाचणीच्या प्रिंट काढून ताईनं सगळं ठरवायचं.

पहिली प्रिंट नेहमीच्या ठराविक नंबरांनी काढून वर गेली. ताईचा निरोप आला: चादरी पिवळ्या, निळा तीन कमी.  चादर तर पांढरीशुभ्र होती, बाळ्यानं स्वतः बघितली होती. तीन कमी केले तर निळी दिसणार, दिग्दर्शकाला दिसणार, लॅबच्या मोठ्या साहेबांना दिसणार. आणि मग बाळ्यानं ते केलं.

माझ्या झाकणाखाली तीन बटणं होती, एकेका दिव्याचं एकेक. बल्ब रोज थोडा थोडा थकतो, म्हणून सकाळी चाचणीची पट्टी काढून या बटणांनी मला तोलून घेत. कार्डावर काही का नंबर असेना, बटण वाढवलं की तेवढा उजेड वाढतो. बाळ्यानं सकाळची चाचणी रीतसर केली आणि मग हळूच निळं बटण तीन पॉइंट वर नेलं. ताईनं तीन काढले, यानं तीन घातले. प्रिंट होती तशीच निघाली.

मी मनातच म्हटलं, बाळ्या, हे काय करतोस? आता ताईला काय दिसणार?

तेच दिसलं. पुन्हा पिवळं. वरून तिचा आवाज जिन्यातून आला, "अरे, चादरी धुतल्यात की चहात बुडवल्यात? तीन कमी केले ना मी?" आणखी तीन कमी. बाळ्यानं आणखी तीन वाढवले. तिसरी प्रिंट, पुन्हा तेच. चौथी, पुन्हा तेच. एका बाजूनं बहीण मला ओढतेय, दुसऱ्या बाजूनं भाऊ, आणि दोघांच्या मायेत माझी झडप आपली जागच्या जागी थरथरतेय! ताई आता ओरडत नव्हती. ते जास्त भयंकर होतं. चौथ्या प्रिंटनंतर ती अंधारखोलीत आली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बाळ्या, मी नंबर बदलते आणि पडद्यावर काहीच बदलत नाही. असं कसं होईल रे?"  बाळ्याला तेव्हा सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही.

पाचव्या प्रिंटला निळं बटण बारावर पोचलं होतं, आणि ताईनं आणखी तीन कमी करायला सांगितलं. बटण बाराच्या पुढं जात नाही. बाळ्यानं दोनदा जोर लावला. मग तो घाबरला आणि घाबरलेला माणूस जे करतो ते त्यानं केलं. फोन उचलून वर सांगितलं, "ताई, मशीन बिघडलंय."

मित्रांनो, माझं! माझं नाव घेतलं! चोवीस वर्षं ज्याच्या बोटांवर मी विश्वास टाकला, त्यानं माझ्यावर ढकललं. काही वेळातच ताई मेकॅनिकला घेऊन आली. त्याच्या खिशात सदा पाना असायचा, म्हणून त्याला पानाच म्हणत. आत कोरी फिल्म नाही अशी खात्री करून त्यांनी मोठा दिवा लावला. तो उजेड! मी आतापर्यंत दुसऱ्यांवर उजेड टाकलेला, माझ्यावर कोणी टाकला नव्हता. पाना स्क्रू काढायला लागला. एक, दोन, तीन. प्रत्येक स्क्रूबरोबर मला वाटलं, झालं, आता आरसे काढणार, झडपा काढणार आणि मला तुकड्यातुकड्यांनी बाहेर नेणार.

पाना झाकण काढून वाकला. "अरेच्चा! हे निळं बटण बारावर कोणी नेलं?"

 पानानं मान वर करून बाळ्याकडे बघितलं.

"मी," बाळ्या म्हणाला. "मशीनला काही झालं नाही. मी नेलं."

ताई भिंतीला टेकली. हिशेब तिनं मनातल्या मनात केला असणार, कारण पुढं ती म्हणाली ते असं: "बारा मी काढले, बारा तू घातलेस. म्हणजे दोन आठवडे मी निळ्याला हातसुद्धा लावलेला नाही. मी आपली खुर्चीत बसून नंबर लिहीत होते." मग विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या वर्षापासून."

"वर्ष!" ती म्हणाली. "वर्षभर तू मला घाबरत घाबरत बघत होतास, आणि मी आपली तोऱ्यात?" ती रडली नाही. तिचा चेहरा मात्र असा झाला, की मी माझे आरसे फिरवता आले असते तर फिरवले असते.

मग ती सरळ उभी राहिली. "बटण शून्यावर आण. चादरीचं दृश्य लाव. पहिल्या कार्डाचे नंबर घे आणि निळा एकेक पॉइंट कमी करत जा. शून्य ते बारा, तेरा तुकडे. मागं खुणा कर. मला बघायचंय, मी किती चुकते."

हे काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत भयाचं. निगेटिव्ह फाटायची भीती परवडली. मला वाटलं, एकदाच, फक्त एकदाच झडप अडकवावी. तेराही तुकडे सारखे निघतील, मशीन खरंच बिघडलंय असं होईल, ताईचा डोळा चांगला ठरेल. माझं काय, मी भंगारात जाईन. झडप अडकवणं मला अवघड नव्हतं. पण त्यानंतर ताई डॉक्टरकडे गेली नसती. आज पिवळं दिसतंय, उद्या धुरकट दिसेल, परवा वडिलांसारखं काहीच दिसणार नाही. मी थरथरत का होईना, तेरा तुकडे बरोबर छापले, प्रत्येक तुकडा एका पॉइंटानं वेगळा.

पुढचं बाळ्यानं सांगितलं. फिल्म धुऊन आली, तुकडे कापले, पत्त्यांसारखे पिसले आणि उजेडाच्या टेबलावर मांडले. पानानं पांढरी चादर म्हणून एक तुकडा उचलला, मागची खूण शून्य. टेलिफोनवाली आली, तिचाही शून्य. झाडूवाली मावशी पदराला हात पुसत आली, म्हणाली, "यात काय बघायचं? ही की," तिचाही शून्य. सगळ्यांत शेवटी ताई. तिनं बराच वेळ घेतला. एक तुकडा उचलला, पालथा केला आणि खूण स्वतःच वाचली. सात.

"सात पॉइंट," ती म्हणाली. "माझा डोळा सात पॉइंट पिवळा झालाय."

मोठ्या साहेबांना हे कळलं. बाळ्या त्यांच्या दाराला कान लावून उभा होता. साहेब ताईला एवढंच म्हणाले, "डोळा दुरुस्त करून या. खुर्ची कुठं पळून जातेय?" ज्या एका वाक्याच्या भीतीनं आम्ही वर्ष घालवलं, ते वाक्य असं निघालं. मला तर माझ्या भीतीचीच लाज वाटली.

दिग्दर्शकाची तारीख जवळ आली होती, म्हणून जाण्याआधी ताईनं चादरींचा सिनेमा पुरा केला. डोळ्यानं रंग ठरवायचा आणि निळ्यात सात मिळवायचे. "डोळा सात खातोय, खाऊ दे. मी सात परत देते," असं पानाला म्हणाली. बाळ्याशी मात्र बोलणं बंद. पंधरा दिवस एक शब्द नाही. आणि दवाखान्यात जायची वेळ आली तेव्हा जिन्यावरून हात धरून उतरवायला कोण? बाळ्याच. धरला हात, पण तोंड दुसरीकडे.

डॉक्टरला तिनं म्हणे बसल्या बसल्या सांगितलं, "सात पॉइंट पिवळं दिसतंय." डॉक्टरनं डोळे तपासून सांगितलं, दोन्हींत मोतीबिंदूच आहे, एकेक करून काढता येईल, आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. ताई खुर्चीचे हात गच्च धरून बसली होती. ऑपरेशनच्या दिवशी लॅबमध्ये मला एक दुसराच माणूस चालवत होता. मला काही सुचेना. काय छापलं ते आजही आठवत नाही. बिघडलं तर? त्यांच्या वडिलांसारखं झालं तर? खरं छापून मीच तिला सुरीखाली पाठवलं होतं. दुपार गेली, संध्याकाळी मला बंद केलं, आणि कोणी काही सांगेना. दुसरा दिवसही तसाच. तिसऱ्या दिवशी बाळ्या आला. आल्या आल्या माझ्या झाकणावर डोकं टेकून उभा राहिला. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं.

"डोळ्यावरची हिरवी पट्टी काढली," तो म्हणाला.  "तिनं एक डोळा हातानं झाकला, भिंतीकडे बघितलं. मग दुसरा झाकला, पुन्हा बघितलं. असं चार-पाच वेळा केलं आणि मला म्हणाली, 'बाळ्या, ही भिंत दोन रंगांची आहे रे.' माझ्याशी बोलली!"

महिन्याभरानं ताई परत आली. आधी चादरींचा सिनेमा बघितला, नव्या डोळ्यानं. समाधानानं मान हलवली. मग वर्षभरातल्या बाकीच्या प्रिंट मागवल्या. त्या मात्र निळसर निघाल्या. तीन सिनेमांच्या प्रिंट तिनं साहेबांशी भांडून पुन्हा काढायला लावल्या. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं स्वतः तारीख घेऊन केलं.

पुढं काम ओसरत गेलं. सिनेमे फिल्मवरून कॉम्प्युटरवर गेले, टाक्या रिकाम्या झाल्या, आठवड्यातून दोन-तीन रिळं यायची. अशाच एका सकाळी बाळ्या माझ्यात निगेटिव्ह लावत होता आणि मला त्याची बोटं वेगळी लागली. उजवा हात बारीक कापत होता. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तो डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून फिल्म ओवत होता. मित्रांनो, पुन्हा मलाच माहीत, आणि पुन्हा मी मुका. आता वर्षभर हे असंच बघायचं का? तो लपवणार, मी घाबरणार?

त्याच दुपारी ताई कार्ड द्यायला खाली आली. बाळ्यानं कार्ड घेतलं, ते तांबूस दिव्याखाली हललं. ताई थांबली. तिनं अंधारात त्याचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

"कधीपासून?"

"काही नाही गं, गारवा आहे."

"कधीपासून, बाळ्या?"

"सोमवारपासून."

"आणि आज गुरुवार," ताई म्हणाली. "रीळ काढ. मशीन बंद कर. डॉक्टरकडे जायचंय."

"अगं, एवढं रीळ तरी होऊ दे."

"रीळ उद्या होईल. चप्पल घाल."

त्यानं मला बंद केलं. मी अर्धवट भरलेला, निगेटिव्ह डब्यात परत गेलेली, दार लोटलेलं, जिन्यावरून दोघांची भांडत उतरणारी पावलं. काय निघेल, औषध असेल की नसेल, काही ठाऊक नव्हतं. भीती वाटतच होती. पण सोमवारचं गुरुवारी कळलं होतं, वर्ष गेलं नव्हतं.

बाळ्याला गोळ्या लागू पडल्या. हात अजून थोडा कापतो म्हणे, पण चहाचा कप स्वतः धरतो. गेल्या वर्षी दोघं मला बघायला इथं आली होती.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसाल तर बरं वाटेल, नाही पुसलीत तरी चालेल. मला तुम्हाला वेगळंच विचारायचंय. तुमच्या घरी कोणी वर्तमानपत्र फार लांब धरून वाचतंय का? कोणी हाक मारल्यावर दुसऱ्यांदा ओ देतंय का? कोणी जिना उतरताना हल्ली भिंत धरतंय का? तुमच्या लक्षात आलं असेल आणि तुम्ही गप्प असाल, कारण त्यांना वाईट वाटेल, ते रागावतील. रागावतील हो. मला तोंड असतं तर मीही घाबरलोच असतो. तुम्हाला तोंड आहे. आज घरी गेलात की चपला काढायच्या आधी सांगा.